बृहन्नडेला जे कळलं, ते अर्जुनाचं नव्हे

पत्र

ताई, मी बोरिवलीला राहते, नोकरी चर्चगेटला. सकाळच्या फास्टच्या लेडीज डब्यात आमचा नऊ वर्षांचा ग्रुप आहे. त्यातल्या एकीला मी सगळं सांगायचे. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायकोनं सासू-सासऱ्यांपासून वेगळं राहायचं ठरवलं आणि विरारला वन बीएचकेसाठी टोकन दिलं. हे फक्त तिला ठाऊक होतं. पंधरा दिवसांत माझ्या नणंदेला कळलं. नणंद अंधेरीला याच डब्यात चढते. घरात काय झालं ते लिहीत नाही. टोकनचे पैसे गेले, सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला सांगेन?"

मग मी खोट्या नावानं एक खातं उघडलं. नेटवरून एका अनोळखी बाईचा फोटो घेतला, भरतकामाची आवड दाखवली, कारण मैत्रिणीला ती आहे. तिच्याकडून कबूल करून घ्यायचं, एवढंच मनात होतं. चार महिन्यांत ती त्या बाईशी इतकी मोकळी झाली की नवऱ्याची नोकरी गेल्याचं, बांगड्या गहाण असल्याचं तिनं मला, म्हणजे त्या बाईला, सांगितलं. गेल्या महिन्यात हेही सांगितलं की तिनं माझ्या नणंदेकडून पैसे उसने घेतले होते, नणंदेनं खोदून खोदून विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या तोंडानं माझी मैत्रीण गेली," असं तिनं लिहिलं.

मला हवं होतं ते मिळालं, आणि आता त्याचं काय करायचं ते कळत नाही. रोज ती समोर बसते. खरं सांगते, ती माझ्या मुठीत आहे हे मला मध्ये मध्ये आवडायलाही लागलं होतं. खातं गुपचूप बंद करू? तिला सांगू? की फिट्टंफाट झाली म्हणून सोडून देऊ? मी मराठी घेऊन एम. ए. केलंय. पांडवांनी वर्षभर वेष पालटून एका राजाला फसवलं, त्याला आपण धर्म म्हणतो. मग माझ्याच वागण्याला फसवणूक का म्हणायचं?

ता. क. तिचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे.

– सकाळची फास्ट, बोरिवली

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'मुठीत आहे' या शब्दांपाशी थांबले. ते तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळायला मार्ग नव्हता. तुम्ही लिहिलंत, म्हणून तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलता येईल असं वाटतं.

उत्तर आधी देते. तिला सांगायचं. तोंडी, तुमच्या स्वतःच्या आवाजात, याच आठवड्यात. का आणि कसं, ते पुढे सांगते. पण आधी पांडवांचं बघू. तो प्रश्न तुम्ही वकिली म्हणून विचारला असलात तरी तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर विराटपर्वातच आहे. फक्त ते पर्वाच्या अगदी शेवटी आहे, आणि कीचकवध, गोग्रहण (कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या तो प्रसंग) झालं की आपलं वाचन सैल पडतं.

अज्ञातवासात पांडव खोटं बोलले, यात शंका नाही. शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवताना त्यांनी तिथे एक प्रेत बांधलं आणि गुराख्यांना सांगितलं की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी. धर्मराज कंक होऊन मत्स्यांचा राजा विराट याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी पूर्वी युधिष्ठिराचा मित्र होतो. भीम बल्लव नावाचा आचारी झाला, द्रौपदी सैरंध्री, अर्जुन बृहन्नडा. ओळख पटली असती तर पुन्हा बारा वर्षं वनवास, म्हणून हे सगळं. पण त्या वर्षात या खोट्या नावांची किंमत कुणी मोजली, ते पाहा. विराटाचा मेहुणा कीचक यानं भर सभेत लाथ मारली तेव्हा द्रौपदी रडत उभी होती आणि कंकाला गप्प बसावं लागलं. पुढे विराटानं रागाच्या भरात कंकाच्या तोंडावर फासा फेकला, नाकातून रक्त आलं, आणि त्यानं ते खाली न सांडू देता ओंजळीत धरलं. वेष त्यांचा, मारही त्यांनाच. विराटाचं त्यात नुकसान झालं नाही. उलट त्रिगर्तांच्या राजानं, सुशर्म्यानं, त्याला पकडलं तेव्हा सोडवून आणणारे हेच लोक होते.

तरी मला तुमचं लक्ष न्यायचंय ते यापुढच्या प्रसंगाकडे. गोग्रहण आटोपलं, पांडव राजवेषात सभेत येऊन बसले, विराटाला सगळं कळलं. कृतज्ञतेनं आणि थोडं ओशाळून त्यानं अर्जुनाला आपली मुलगी देऊ केली, उत्तरा. जिला बृहन्नडेनं वर्षभर नाच-गाणं शिकवलं होतं, तीच. त्या काळच्या रीतीनं नकार द्यायचं काही कारण नव्हतं. अर्जुन नाही म्हणाला. मी अंतःपुरात राहिलो, एकांतात आणि चारचौघांत ती माझ्याशी मोकळी वागली, 'विश्वस्ता पितृवन्मयि', बापावर ठेवावा तसा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिच्याशी लग्न केलं तर त्या वर्षाकडे लोक संशयानं पाहतील. सून म्हणून घेतो, माझ्या अभिमन्यूसाठी.

मला विराटपर्वातला सगळ्यात मोठा पराक्रम हा वाटतो. एकट्या रथावर कौरवसेनेला परतवण्यापेक्षा मोठा. उत्तरेनं विश्वास टाकला तो बृहन्नडेवर, आणि तो अर्जुनाला खर्च करता येणार नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. वेषाला जे मिळालं, त्यावर वेषामागच्या माणसाचा हक्क नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनं पाहायची तर अरण्यकांड काढा. लक्ष्मणरेषेची गोष्ट वाल्मीकींच्या रामायणात नाही. तिथे काषायवस्त्र नेसलेला, छत्री आणि कमंडलू घेतलेला भिक्षू दाराशी येतो आणि सीता त्याला अतिथी म्हणून आसन देते, पाय धुवायला पाणी देते. तिनं ते भिक्षूला दिलं. उचललं रावणानं. तिचा भाबडेपणा इथे काढण्यात अर्थ नाही, तिनं तिचा धर्म नीट पाळला. पण त्या दिवसानंतर दाराशी आलेल्या खऱ्या भिक्षूकडेही ती पूर्वीसारखी पाहू शकली असती का? हे नुकसान कुणी धरत नाही.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येते. तिनं तुमचा विश्वासघात केला, आणि तुमची जखम मी मुळीच लहान करणार नाही. टोकनचे पैसे गेले ते गेले, पण नऊ वर्षांच्या ओळखीवर तिनं तुमच्या डोळ्यांत पाहून "मी कशाला सांगेन" म्हटलं, ते जास्त लागलं असणार. इंग्रजी साहित्यातल्या विश्वासघात्यांमध्ये सगळ्यांच्या पुढे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातला इयागो बसतो, सेनापती ऑथेल्लोचा विश्वासू म्हणवून त्याचाच संसार उद्ध्वस्त करणारा. देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' लिहून ते नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून आपल्याकडेही तो माणूस ओळखीचा आहे. त्याच्याबद्दल ध्यानात ठेवावं असं की तो कधीही वेष पालटत नाही. नाव तेच, चेहरा तोच, आणि नाटकभर सगळे त्याला 'प्रामाणिक' म्हणतात. विश्वासघाताला मुखवटा लागतोच असं नाही. समोरच्या सीटवर बसून, चाफ्याचं फूल देत, "काय गं, आज चेहरा उतरलाय" असं विचारतही तो होऊ शकतो. तुम्हाला तसंच वाटलं असणार, आणि म्हणून खरा चेहरा काढायला तुम्ही निघालात.

पण तुम्हाला जो चेहरा दिसला तो इयागोचा नव्हता. सगळं उघडं पडल्यावर ऑथेल्लो विचारतो, माझ्या जिवाचा असा फास का केलास? इयागो सांगतो की मला काही विचारू नका, इथून पुढे मी एक शब्द बोलणार नाही. त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. तुमच्या मैत्रिणीनं एका अनोळखी बाईला, कुणीही विचारलेलं नसताना, स्वतःचा गुन्हा सांगितला आणि तुम्ही गेल्याचं दुःख सांगितलं. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेली, भ्यालेली बाई आहे ती. चुकली. तुमच्यासमोर कबूल करायला हवं होतं, तेवढं धैर्य झालं नाही. पण काळीज शाबूत असल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही.

आणि इथून पुढचं लिहिताना माझा हात जड होतोय, कारण आता तुमच्याबद्दल बोलायचंय.

'मुद्राराक्षस' तुम्ही एम. ए.ला वाचलं असेल, निदान चाणक्य आणि नंदांचा अमात्य राक्षस यांच्यापुरतं तरी. विशाखदत्ताच्या या सात अंकी नाटकात जवळजवळ प्रत्येक जण कुणीतरी दुसरा असल्याचं सोंग करतो. कुणी यमाच्या चित्रांचा पट घेऊन फिरणारा, कुणी क्षपणक म्हणजे साधू, कुणी मित्र. मी अनेक वर्षं ते शिकवलं आणि दर वर्षी मुलं भागुरायणाला विसरायची. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नसे. हा भागुरायण चाणक्याचा माणूस. चंद्रगुप्तावर रुसून आल्याचं दाखवून तो चंद्रगुप्ताच्या शत्रूच्या, मलयकेतूच्या, गोटात शिरतो आणि त्या तरुण राजपुत्राचा जिवलग होतो. पाचव्या अंकात, जाळं ओढायची वेळ आल्यावर, तो स्वतःशी म्हणतो की या कुमाराचा माझ्यावर इतका जीव आहे आणि याचाच मला घात करायचाय, किती कठीण हे. केवढी खरी वेदना आहे ती! तुमच्या पत्रातली वेदना मला तिच्या जवळची वाटली. पुढच्याच श्लोकात मात्र तो मन कठोर करतो. म्हणतो, पैशासाठी ज्यानं आपलं शरीर मालकाला विकलं, त्या परतंत्र माणसानं आता हित-अहित तोलायचं कशाला? आणि काम पुरं करतो.

त्याच्यापाशी निदान ते कारण होतं. तुमच्यावर कुणाचा हुकूम नाही. तुमचा चाणक्य तुम्हीच, भागुरायणही तुम्हीच. म्हणून तुम्हाला थांबता येतं, अगदी आज, हे वाचून झाल्यावर.

फिट्टंफाट झाली असं मला वाटत नाही. तिच्या तोंडून तुमची एक गोष्ट एका दिवशी निसटली. तुम्ही चार महिने रोज ठरवून तिच्या घरात गेलात. तिची आवड शोधून तिचा गळ केलात. बांगड्या गहाण असल्याचं तिनं नऊ वर्षांच्या मैत्रिणीला सांगितलं नाही, त्या बाईला सांगितलं, कारण ती बाई तिच्या डब्यात चढत नव्हती, तिच्या नातेवाइकांत बसत नव्हती. लोकलमधल्या बायकांना असं कुणी सापडणं किती दुर्मीळ, ते तुम्हाला मी काय सांगू? डोहाळजेवण, हळदीकुंकू, दसऱ्याची डब्याची पूजा, सगळं ज्या ग्रुपमध्ये होतं, त्याच ग्रुपपासून नवऱ्याची गेलेली नोकरी लपवावी लागते. तिला आडोसा हवा होता. तो तुम्ही दिलात. तो खरा नव्हता.

म्हणून खातं गुपचूप बंद करू नका. उद्या ती बाई एकाएकी नाहीशी झाली तर तुमची मैत्रीण काय समजेल? आपण कर्जाचं बोललो म्हणून ही दूर झाली, असंच. एकदा तोंड उघडून मैत्रीण गमावली, दुसऱ्यांदा पुन्हा तेच, असं तिचं तिला वाटेल. आणि तुम्ही आयुष्यभर तिचं सगळं जाणून तिच्यासमोर बसाल. मूठ मिटलेलीच राहील. त्या बाईची बदली झाली, ती परदेशी गेली, असा समारोपही रचू नका.

तुमच्या बाजूनं बोलणारी एक गोष्ट महाभारतात आहे, ती लपवणार नाही. नलोपाख्यानात दमयंतीही डाव टाकते. अर्ध्या वस्त्रात रानात टाकून गेलेला नवरा, नल, कुठेतरी विद्रूप होऊन, बाहुक नावानं, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी म्हणून राहिलाय असा तिला संशय येतो. ती ऋतुपर्णाला खोटा निरोप धाडते की उद्या सूर्योदयाला माझं दुसरं स्वयंवर आहे. इतकं अंतर एका दिवसात रथ हाकून आणणारा एकच माणूस तिला माहीत होता. तो आल्यावरही ती दासीला पाठवून त्याची परीक्षा घेते, त्यानं शिजवलेल्या अन्नाची चव पाहते, मुलांना त्याच्याकडे धाडून त्याचे डोळे भरतात का ते पाहायला लावते. टाकलेल्या बाईनं सत्य शोधायला केलेलं कपट आहे ते, आणि महाभारतानं तिला दोष दिलेला नाही. दुखावलेल्या माणसाला पुरावा हवासा वाटतो, हे त्या कवीला कळत होतं. तुम्हाला तो हवासा वाटला म्हणून मीही तुम्हाला वाईट म्हणणार नाही.

पण दमयंती तिथे थांबत नाही. ओळख पटल्यावर ती बाहुकाला समोर बोलावते आणि नल स्वयंवराबद्दल रागानं बोलतो तेव्हा स्वतःच्या तोंडानं सांगते की तुम्हाला इथे आणण्यासाठी हा उपाय मीच योजला. दुसऱ्या कुणाकडून त्याला कळू देत नाही. "तुम्ही मला रानात टाकलंत म्हणून करावं लागलं" असं म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता, आणि रानातल्या त्या रात्रीचा जाब ती विचारतेही. पण आपला डाव मात्र ती आपल्या नावावर घेते.

तुम्ही तसंच करा. आज रात्री त्या खात्यावरचा फोटो काढून टाका. तो चेहरा कुठल्या तरी तिसऱ्याच बाईचा आहे, आणि या सगळ्यात तिला कुणीच विचारलेलं नाही. (दुसऱ्याची ओळख अशी वापरून फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यातही गुन्हा आहे, घाबरवायला सांगत नाही, पण ठाऊक असू द्या.) त्या खात्यावरून एकही शब्द लिहू नका, तिचा मेसेज आला तरी. स्क्रीनशॉट काढले असतील तर ते सगळे पुसा. ते ठेवण्याचं एकच कारण असू शकतं आणि ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. मूळ संभाषण मात्र तिला कळेपर्यंत राहू द्या. ते तिचंही आहे, त्याचं काय करायचं ते ती सांगेल.

डब्यात बोलू नका. अंधेरीला नणंद चढते, आणि चढत नसती तरी डब्यात रडायलासुद्धा जागा नसते. संध्याकाळी परतताना तिला दादरला उतरायला सांगा आणि चालत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जा. तिथे चारशे माणसं फिरत असतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. पहिलं वाक्य एवढंच असू द्या: "ती बाई मी होते." त्याआधी प्रस्तावना नको, 'तू सांगितलंस म्हणून' तर मुळीच नको. नंतर थांबा. ती काय म्हणते ते ऐकून घ्या. तिनं विचारलं तर का केलंत ते सांगा, टोकनचं दुःखही सांगा, पण तिच्याकडून त्या दिवशी माफी मागून घेऊ नका. तिची माफी तुम्ही आधीच वाचलेली आहे, तिला ती पुन्हा म्हणायला लावायची की नाही हे आता तिच्याकडे.

तिच्या नवऱ्याच्या नोकरीचं, बांगड्यांचं तुम्ही कुणाला बोललात का, हे पत्रात नाही. तुमच्या नवऱ्याला सांगितलं असेल तर तेही तिला सांगा. नसेल तर इथून पुढे नाही. आणि कळवळा आला तरी तिला पैशाची मदत करायला लगेच धावू नका. ती अडचण तिनं तुम्हाला सांगितलेली नाही. उद्या तिनं तुमच्या तोंडावर, तुमच्या नावानं हाक मारून सांगितली तर जमेल ते जरूर करा.

ती कदाचित उठून निघून जाईल. कदाचित महिनोन्‌महिने बोलणार नाही. तसं झालं तर तुम्ही काही दिवस पुढची गाडी पकडा, डब्यातली तिची जागा तिला राहू द्या. ग्रुपनं विचारलं तर ऑफिसची वेळ बदललीय असं खोटं सांगू नका. आमचं दोघींचं काहीतरी आहे, एवढं पुरे. नऊ वर्षांचा ग्रुप तिच्या हातून जायला नको, घरी तिला बोलायला कुणी नाही.

राहता राहिला स्टीलचा डबा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून तुम्ही त्यात काहीतरी गोड घालून कट्ट्यावर न्यायचं मनात आणलं असेल. नेऊ नका. भरलेला डबा हातात ठेवला की तिला तुमच्यावर रागावणं अवघड जाईल, आणि त्या संध्याकाळी तिला नीट रागावता आलं पाहिजे. डबा घासून, पुसून तुमच्या फळीवर ठेवा. तिला आठवेल तेव्हा ती मागेल.